दर्जा क

रात्रीचे साडेअकरा. श्कोदरमधल्या सायकली केव्हाच घरी गेल्यात.
रसायनशास्त्राच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारून
मी न्दॉत्स ब्रेगायला उघडते.

पहिली ओळ ठीक. भाषांतरकार, शिक्षक, राजबंदी.
जन्म १९३१, डोंगरातल्या एका गावी;
गावाचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी. दुरुस्त केलं.
थोर, निर्भीड, अजरामर ही विशेषणं काढून टाकली.
काढताना त्रास झाला नाही,
त्रास नंतर झाला,
त्यांच्या जागी घालायला काही सापडेना तेव्हा.

तिसरा परिच्छेद कुठल्याशा स्मरणिकेतून जसाच्या तसा उचललेला. उडवला.
छायाचित्र त्याचं नाहीच, चुलतभावाचं आहे,
कानाच्या पाळीवरून द्रानेने ओळखलं.
द्राने म्हणजे बहीण. वय सत्त्याऐंशी.
मी फोनवर लेख वाचून दाखवत असते
आणि ती मध्येच विचारते, जेवलीस का?

संदर्भ एकूण चोवीस.
त्यातले एकोणीस एकाच ठिकाणचे:
गुप्त पोलिसांचं दप्तर, पानं एक ते तीनशे सहा.
नियमाला ते चालतं. शिक्का आहे, तारीख आहे,
कुणीही जाऊन पडताळून पाहावं.
द्रानेची आठवण चालत नाही. तिला पान क्रमांक नाही.

म्हणजे या माणसाबद्दल
जगाला जे काही खात्रीने ठाऊक आहे
ते त्याच्या पाळतीवरच्या माणसाने लिहून ठेवलं म्हणून.
टोपणनाव सुतार. अकरा वर्षं.
अक्षर सुबक, शुद्धलेखनाची एक चूक नाही.
'७.१० ला बाहेर पडला. चाल नेहमीपेक्षा सावकाश.'
'पुलावर थांबला. पाण्याकडे पाहिलं. कुणाला भेटला नाही.'
'दोन लिंबं घेतली. एक खिशात घातलं, एक हातात ठेवलं.'
इतकं बारकाईने, बाई,
मला माझ्या नवऱ्याने एक दिवस पाहिलं नाही.

लिंबांचं वाक्य मी लेखात घेतलं.
एका सहकाऱ्याने लगेच काढलं: उल्लेखनीय नाही.
मी परत घातलं, त्याने परत काढलं.
बरोबरच आहे त्याचं. चरित्रात लिंबं कशाला.
द्रानेला विचारलं तर म्हणाली,
लिंबू? त्याला कुठलं सोसायचं आंबट, लगेच दात आंबायचे.
मग बराच वेळ फोनमध्ये नुसता
तिच्या शेगडीतल्या लाकडांचा आवाज.
मग हळूच, कुणासाठी घेतली असतील गं?

१९७३ च्या मार्चमध्ये सुताराचं काम संपतं.
पुढे तांब्याची खाण, एक तुरुंग, दुसरा तुरुंग,
आणि मग लेखातलं वाक्य क्रियापदाआधीच तुटतं.
मृत्यू: तारखेच्या जागी प्रश्नचिन्ह,
त्याच्या खांद्याशी बारीक निळ्या अक्षरांत
संदर्भ हवा.

हे काय, तिने विचारलं.
मी म्हटलं, कुणी काही लिहिलं
तर ते कुठून कळलं ते दाखवावं लागतं. त्याची मागणी आहे ती.
कोण मागतंय?
कुणीही. वाचणारा.
मग त्याला म्हणावं रांगेत उभा राहा,
तेहतीस वर्षं अर्ज देतेय मी.
तारीख राहू दे, जागा तेवढी सांगा म्हणते.

तपासणीचा तक्ता भरायचा राहिलाय.
तटस्थता: आहे. भाषा: बरी.
व्याप्ती: अपुरी. चित्र: नाही.
दर्जा: क.
शेऱ्याच्या चौकटीत लिहिते,
'मृत्यूविषयीचा भाग विस्ताराने यावा.'
वाचते. खोडते.
चहा गार झालाय, वह्या तशाच.
लिंबं तिसऱ्यांदा घालते, या खेपेला तळटीपेत,
तिथवर सहसा कुणी उतरत नाही:
दप्तर, पान दोनशे चौदा, खालून सहावी ओळ.